वार एक की दोन?

"मालूताई, कढीलिंबाच्या दोन काड्या द्या हो. आणि काय, पमीला जुळं आहे म्हणे? दूधवाल्याकडून कळायची वेळ आली आमच्यावर!"

"तिसरा सरेपर्यंत बोलायचं नाही, असं तिच्या सासूबाईंचं होतं, वहिनी. आता पाचवा लागलाय. इथून मिरजेला दाखवायला जवळ, म्हणून माहेरी आणली."

"जोडकेळं खाल्लं असेल कधीतरी! मुलगे की मुली?"

"ते विचारायचंच नाही. १९९४ चा कायदा आहे. सांगणाऱ्याला शिक्षा, विचारणाऱ्यालाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जुळं म्हटलं की विचारावं ते वार एक की दोन."

"दोन पोरं, मग दोन वारा."

"पमीची एकच आहे. पिशव्या वेगळ्या, वार मात्र सामाईक. त्या वारेत दोघांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात. कधी कधी एकाचं रक्त दुसऱ्याकडे जास्त जायला लागतं. मग देणाऱ्याभोवतीचं पाणी आटतं, त्याची वाढ खुंटते."

"आणि घेणारं बाळसं धरतं?"

"छे! त्याच्याभोवती पाणी फार साचतं, हृदयावर ताण येतो. जीव दोघांचाही टांगणीला. म्हणून सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी. वेळेत कळलं तर पोटात दुर्बीण घालून लेसरनं त्या जोडवाहिन्या बंद करता येतात."

"अगंबाई! पण परवा पाय सुजलेले दिसले तिचे. ते काय, सगळ्यांचेच सुजतात म्हणा."

"पायांचं तितकं नाही. तोंड-हात एकदम सुजले, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, बरगड्यांखाली दुखलं, की मध्यरात्र असली तरी निघायचं. बीपी चढल्याची लक्षणं ती. जुळ्यात हा धोका जास्त. म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिसऱ्या महिन्यापासूनच रात्री ॲस्पिरिनची छोटी गोळी चालू केलीय."

"ती तर आमच्या यांना हृदयासाठी देतात!"

"तीच. पण आपल्या मनानं कुणाला द्यायची नाही हं."

"मग आता निजवूनच ठेवा. पाय भुईला लागू देऊ नका."

"सासूबाईंचंही तेच म्हणणं. पण नुसतं पडून राहिल्यानं बाळंतपण पुढे जात नाही. उलट पायात रक्ताच्या गाठी व्हायची भीती. बेतानं चालतीफिरती असू दे म्हणाल्या. पोट राहून राहून आवळायला लागलं किंवा पाणी गेलं, तर मात्र कळा वाढायची वाट बघायची नाही. मुदतीआधी होणार असं दिसलं तर बाळांच्या फुप्फुसांसाठी आईला इंजेक्शनं देतात. ती लागू पडायला दिवसभर तरी हाताशी हवा."

"मग डोहाळजेवण?"

"सातवा लागला की लगेच उरकते. सगळं सुरळीत चाललं तरी छत्तीस आठवड्यांच्या आसपास बाळंतपण करतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी काचपेटीची सोय आहे, अशाच दवाखान्यात नाव घातलंय."

"रात्री-अपरात्री आमचं दार वाजवा. गाडीची किल्ली खुंटीलाच असते."

"तुमचा आधार आहेच. आणि १०८ ला फोन लावायचा, हे जावयांनाही सांगून ठेवलंय."

"आमच्या इचलकरंजीच्या भाचीलाही जुळंच आहे. तिसरा सरत आला. घरात नावं ठरताहेत, वारेचं कुणी विचारलंसुद्धा नाही!"

"आजच फोन करा. दिवस वाढले की वारांचा हिशोब नीट लागत नाही."