मूर्खाचा संगणक दुरुस्त होतो

समर्थांनी दासबोधात मूर्खाची लक्षणे सांगितली आणि तेवढ्यावर न थांबता पढतमूर्खासाठी वेगळा समास लिहिला. न शिकलेला मूर्ख आणि शिकलेला मूर्ख यांना एका ओळीत बसवू नये, हा त्यांचा विवेक. आज ज्याच्या घरी मध्येच थिजणारा आणि आपणहून पुन्हा सुरू होणारा गेमिंग संगणक आहे, त्याला हा विवेक फार उपयोगी पडतो. असा संगणक शहाण्यांच्या हातून सहसा दुरुस्त होत नाही. तो मूर्खांच्या हातून होतो. म्हणून मूर्खाची स्तुती करायला मी बसलो आहे.

आधी आजार पाहू. खेळ रंगात आलेला असतो, चित्र जागच्या जागी थांबते, आवाजाचा एकच तुकडा घरघरत राहतो, माऊस हलत नाही. किंवा काहीच सूचना न देता पडदा काळा होतो आणि यंत्र नव्याने उठते. आज तासाभरात दोनदा होते, मग चार दिवस काही नाही. दुकानात नेले तर तिथल्या टेबलावर संध्याकाळपर्यंत निमूट चालते. कायमचा बिघाड कुणालाही सापडतो. येऊनजाऊन असणारा बिघाड माणसाची परीक्षा पाहतो, आणि तिथेच शहाणे पडतात.

कोलकात्यात शहाण्यांना तोटा नाही. इथल्या चांदनी चौकात, म्हणजे मदन स्ट्रीट, गणेशचंद्र अ‍ॅव्हेन्यू आणि चित्तरंजन अ‍ॅव्हेन्यूवरचा ई-मॉल या परिसरात, संगणकाचा प्रत्येक भाग मिळतो आणि प्रत्येक भागाबरोबर एक निदान मिळते. ग्राफिक्स कार्ड विकणारा म्हणतो, दादा, कार्ड गेले. पलीकडचा म्हणतो, विंडोज नव्याने टाका. शेजारचे काकाबाबू म्हणतात, या शहराच्या दमटपणात यंत्र तापणारच, बाजूचे झाकण काढून समोर टेबलफॅन लावा. मेहुणा म्हणतो, विकून टाक आणि नवा घे. यातला प्रत्येक जण एखाद्या यंत्राच्या बाबतीत कधीतरी बरोबर ठरलेला असतो. तेवढ्या अनुभवावर तो पुढच्या शंभर यंत्रांचे कारण यंत्र न उघडता सांगतो. हा पढतमूर्ख. त्याला उत्तर आधी येते, मग प्रश्न.

साधा मूर्ख म्हणतो, मला माहीत नाही. चारचौघांत हे वाक्य बोलायला धैर्य लागते. सगळी दुरुस्ती याच वाक्यापासून सुरू होते.

मग तो असा प्रश्न विचारतो की ऐकणाऱ्याला हसू यावे: भिंतीतून वीज नीट येते का? शहाण्याला हा प्रश्न पोरकट वाटतो, कारण दिवा तर लागलेला आहे. पण आपल्या विजेचे एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचे असते, आणि वीज तुटल्यावर पूर्ण भाराखाली संगणकाच्या पॉवर सप्लायने साधारण 16-17 मिलिसेकंद तग धरावा एवढीच मानकाची अपेक्षा असते. एक आवर्तन गळाले तर यंत्र नव्याने उठू शकते. डोक्यावरचा पंखा मात्र फिरतच असतो. या शहराला 1899 साली एमामबाग लेनमधल्या केंद्रातून वीज मिळू लागली. जुन्या वस्तीतल्या कित्येक वाड्यांत तेव्हापासून पिढी वाढली तसे वायरिंगला फाटे फुटत गेले आहेत. अर्थिंगची तार कुठे संपते हे घरमालकालाही ठाऊक नसते. खालच्या मजल्यावर पाण्याचा पंप सुरू झाला की वरच्या खोलीतला दिवा किंचित मंद होतो. चैत्र-वैशाखात कालबैशाखीचे वादळ आले की विजेचा खेळ वेगळाच. या सगळ्याचा विचार न करता कार्ड बदलणाऱ्याला मी शहाणा म्हणतो. सॉकेट बदलून पाहणारा, इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घेणारा मूर्ख.

वीज नीट राहावी म्हणून घेतलेल्या यूपीएसवरही मूर्ख संशय घेतो. 600 व्हीएचा घरगुती यूपीएस बहुतेक वेळा 360 वॅटचा असतो. खेळ चालू असताना प्रोसेसर आणि कार्ड मिळून 450 वॅट ओढत असतील, तर वीज जाताच तो यूपीएस हात वर करतो. ज्या क्षणासाठी घेतला नेमक्या त्याच क्षणी. शिवाय स्वस्त यूपीएस बॅटरीवर असताना गुळगुळीत साइन लहर देत नाही, पायऱ्यापायऱ्यांची देतो, आणि काही पॉवर सप्लायना ती पचत नाही. काही काळ यूपीएस बाजूला काढून यंत्र थेट सॉकेटला लावून पाहणे याला पैसाही लागत नाही. वादळी दिवस सोडून करावे, एवढेच.

पॉवर सप्लायची गोष्टही अशीच. डब्यावर 650 वॅट लिहिले आहे, बेरीज 500 येते, म्हणजे तो पुरेसा आहे, असे शहाणा कागदावर सिद्ध करतो. पण आजची मोठी ग्राफिक्स कार्डे काही मायक्रोसेकंदांपुरती लिहिलेल्या आकड्याच्या कितीतरी वर उसळी घेतात. सरासरी मोजणाऱ्या उपकरणाला ती दिसत नाही, पॉवर सप्लायच्या संरक्षक सर्किटला दिसते आणि ते सगळेच बंद करते. 2022 मध्ये आलेल्या एटीएक्स 3.0 मानकाने 100 मायक्रोसेकंदांसाठी दुप्पट भार सोसण्याची अट घातली ती यासाठीच. आठ पिनांच्या एका जोडणीची मर्यादा 150 वॅटची. एकाच तारेची दोन तोंडे कार्डाला लावली तरी यंत्र चालते आणि तारांचा पसाराही कमी दिसतो. मूर्ख दोन वेगळ्या तारा लावतो. दिसायला वाईट, पण कित्येकदा एवढ्यानेच काम भागते.

मूर्खाचा दुसरा मोठा गुण म्हणजे तो पैसे देऊन विकत घेतलेली गती स्वतःच्या हाताने काढून टाकतो. रॅमच्या डब्यावर 3600 छापलेले असते. ती डीडीआर4 जातीची असेल तर मदरबोर्ड तिला आपण होऊन बहुधा 2133 किंवा 2400 वरच चालवतो. छापील गतीसाठी बायोसमध्ये एक्सएमपी ही सोय चालू करावी लागते, आणि ती गती सहसा प्रोसेसर बनवणाऱ्याने दिलेल्या मर्यादेच्या पलीकडची असते. मूर्ख एक्सएमपी बंद करतो आणि काही दिवस मंद यंत्रावर खेळतो. थिजणे थांबले तर त्याला दिशा सापडली. मग तो पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट86 ही रॅमची चाचणी रात्रभर चालवतो, दोन पट्ट्या असतील तर एकेक करून. तिथे एक चूक आली तरी ती एक चूक खूप झाली.

मेमरीवर संशय घेण्यात वेडेपणा मुळीच नाही. 1978 मध्ये इंटेलच्या टिमोथी मे आणि मरे वुड्स यांनी दाखवून दिले की चिपमधले बिट आपोआप उलटत होते ते चिपच्या वेष्टनातल्या किरणोत्सारी अंशांमुळे. तिथून निघणारे अल्फा कण साठवलेल्या शून्याचा एक करत होते किंवा एकाचा शून्य. चिपभोवतीच्या निरुपद्रवी डबीकडे बोट दाखवणारा माणूस आधी मूर्खच वाटला असणार. 2009 मध्ये गूगलच्या हजारो सर्व्हरांच्या अभ्यासातही वर्षभरात 8 टक्क्यांहून अधिक मेमरी पट्ट्यांत चुका आढळल्या. मेमरी म्हणजे कधीच न चुकणारी वस्तू हा समज शिकल्या-सवरलेल्यांचा.

तिसरा गुण सर्वांत कठीण: मूर्ख एका वेळी एकच गोष्ट बदलतो आणि वाट पाहतो. शहाणा एका रविवारी विंडोज नव्याने टाकतो, ड्रायव्हर बदलतो, धूळ काढतो, प्रोसेसरवर नवी पेस्ट लावतो, बायोस अद्ययावत करतो आणि सोमवारी यश जाहीर करतो. गुरुवारी यंत्र थिजते. आता पाचांपैकी कोणत्या बदलाने काय केले हे कुणीच सांगू शकत नाही, आणि पाचही गोष्टी निर्दोष आहेत असेही म्हणता येत नाही. चार दिवसांनी एकदा येणारा बिघाड गेला असे म्हणायचे, तर निदान दोनतीन आठवडे तो येऊ नये. एवढी वाट पाहणारा जगाच्या दृष्टीने निकम्मा.

वाट पाहण्याची ही विद्या कोलकात्याला नवी नाही. इथल्या बोस इन्स्टिट्यूटमध्ये देवेंद्रमोहन बोस आणि बिभा चौधुरी यांनी 1938 नंतरच्या वर्षांत फोटोच्या काचा दार्जिलिंग आणि संदकफूच्या उंचीवर महिनेमहिने ठेवल्या. विश्वकिरणांतला एखादा कण काचेत आपला माग सोडेल यासाठी. मग खाली आणून एकेक रेघ सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. कण कधी येईल हे ठरवणे त्यांच्या हाती नव्हते; काच जागेवर आहे ना, एवढेच त्यांच्या हाती होते. आणि 1955 मध्ये बारानगरच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये भारतातला पहिला डिजिटल संगणक, एचईसी-2एम, बसवला गेला तेव्हा त्याची स्मृती होती चुंबकी ड्रमवरच्या 1024 शब्दांची. व्हॉल्व्हचे यंत्र मध्येच बिघडणार हे धरूनच चालवायचे असते. ज्या शहरात देशाचे संगणक-युग अशा यंत्रापासून सुरू झाले, तिथे यंत्राने एकदा मान टाकली म्हणून त्याला भंगारात काढण्याची घाई शोभत नाही.

चौथा गुण वहीचा. मूर्ख वही ठेवतो: तारीख, वेळ, कोणता खेळ, थिजले की पुन्हा सुरू झाले, बाहेर वादळ होते का, पंप चालू होता का. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये त्याला ‘कर्नल-पॉवर 41’ अशी नोंद सापडते. शहाणा ती वाचून पॉवर सप्लाय बदलायला धावतो, कारण नावातच पॉवर आहे. ती नोंद एवढेच सांगते की मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद झाले नव्हते. पोलीस पाटलाने वर्दी दिली म्हणजे खुनी सापडला असे होत नाही. मूर्ख पुढे जातो. तो आपोआप रीस्टार्ट होण्याची सोय बंद करतो, म्हणजे निळा पडदा आलाच तर त्यावरचा कोड वाचता येतो. प्रोसेसरने स्वतः नोंदवलेली हार्डवेअरची चूक, डब्ल्यूएचईए-लॉगर या नावाची, त्याच वेळेला आहे का तेही बघतो. मग सगळे वहीत उतरवतो.

ही वही किती मोलाची असते ते 2024 मध्ये साऱ्या जगाला दिसले. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे ताकदवान डेस्कटॉप प्रोसेसर घेतलेल्यांचे खेळ कोसळू लागले होते. पडद्यावर संदेश यायचा की व्हिडिओ मेमरी संपली, आणि कार्डावर मेमरी तर भरपूर असायची. शहाणे सांगत होते, कार्ड बदला, ड्रायव्हर बदला, तुम्हीच ओव्हरक्लॉक केले असेल. पण जगभरच्या खेळाडूंनी आणि खेळ बनवणाऱ्यांनी नोंदी ताडून पाहिल्या. प्रोसेसरची गती थोडी उतरवली की कोसळणे थांबते, हे त्यांना दिसले. जुलै 2024 मध्ये इंटेलने मान्य केले की प्रोसेसरमधल्या मायक्रोकोडच्या चुकीने गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागितले जात होते. ऑगस्टमध्ये दुरुस्त मायक्रोकोड आला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली, आणि जे प्रोसेसर आधीच झिजले होते ते सॉफ्टवेअरने पूर्ववत होणार नाहीत हेही स्पष्ट झाले. ज्याने वही ठेवली होती त्याला वॉरंटीचा दावा पुराव्यासह करता आला. ज्याने मधल्या काळात शहाण्यांचे ऐकून नवे कार्ड घेतले, त्याच्या घरी दोन कार्डे झाली आणि बिघाड तसाच राहिला.

आता मेहुण्याचा सल्ला उरतो: विकून टाक. हा सर्वांत शहाणा सल्ला, आणि माझा राग सर्वांत जास्त याच्यावर आहे. चांदनीत नव्या मालाइतकाच जुन्या मालाचाही बाजार आहे. तिथे बारासातहून लोकलने आलेला एखादा मुलगा शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांत जुना पॉवर सप्लाय किंवा जुनी रॅम घेतो. दुकानात लावून दाखवली तेव्हा ती चालते, कारण येऊनजाऊन असणारा बिघाड दुकानात दिसतच नाही. शहाण्याने तो बिघाड स्वतःच्या घरातून घालवला खरा, पण जगातून घालवला नाही. ज्याला परवडत नव्हते त्याच्या घरी तो नेऊन ठेवला. आता तिकडेही एक काकाबाबू येतील आणि टेबलफॅन लावायला सांगतील.

मूर्ख हे करत नाही. कारण सापडेपर्यंत तो यंत्र विकत नाही, आणि कारण सापडले की खराब निघालेली ती एकच पट्टी किंवा तार विकत नाही, फेकण्याआधी तिच्यावर शाईने ‘खराब’ असे लिहितो. यात त्याला पैसे मिळत नाहीत आणि कुणी त्याचे नावही घेत नाही. मात्र तो बिघाड पुढे कुणाच्या घरी जात नाही. दुरुस्ती पुरी झाली असे मी तेव्हाच म्हणतो.