बिनदाताची गाडी

माझ्या मामांच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची: गिअर कळणारी आणि न कळणारी. दुसऱ्या प्रकारात त्यांनी निम्मे नातेवाईक, यच्चयावत रिक्षावाले आणि माझ्या मावसबहिणीला बघायला आलेला एक चांगला शिकलेला मुलगा घातला होता. त्या मुलानं सोसायटीच्या दारातला स्पीडब्रेकर तिसऱ्या गिअरमध्ये ओलांडला, हे मामांनी वर गॅलरीत बसून नुसतं ऐकलं. पोहे परतून व्हायच्या आत त्यांचं मत तयार होतं. "जो इंजिनाचे असे हाल करतो, तो पुढे..." एवढंच बोलून ते थांबले, कारण मामीनं त्यांच्याकडे पाहिलं.

हे नुसतं खूळ म्हणून सोडून देता येत नाही. मामा पिंपरीच्या एका कारखान्यात गिअर शॉपचे फोरमन होते. हॉबिंग मशीनवर दात कापायचे, हीट ट्रीटमेंटहून परत आले की ग्राइंडिंगला लावायचे, जोडीला जोड बसवून फिरवायचे आणि कान देऊन ऐकायचं, यात त्यांचा जन्म गेला. मिलिमीटरचा हजारावा भाग हा त्यांच्या बोलण्यात आपल्या 'पावशेर'इतक्या सहज येतो. निवृत्त झाले तेव्हा शॉपमधल्या पोरांनी त्यांना तिरक्या दातांचा एक गिअर चकचकीत क्रोम करून दिला. तो शोकेसमध्ये आहे. पाहुणा आला की मामा तो बाहेर काढतात, त्याच्या हातात देतात आणि म्हणतात, "बोट फिरवा." पाहुणा बोट फिरवतो. मग काय म्हणायचं असतं ते कुणालाच माहीत नसतं.

अशा माणसाच्या दारात त्यांच्या चिरंजीवांनी एक दिवस सीव्हीटीची एसयूव्ही आणून उभी केली. हेतू चांगला होता. मामांचा डावा गुडघा कुरकुरायला लागला होता आणि हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये चिरंजीवांचाही.

"बाबा, क्लचच नाही. गुडघ्याला आराम."

"ते ठीक. गिअर किती?"

"गिअर नाहीतच."

मामांनी मुलाकडे जसं पाहिलं, तसं मी फक्त एकदा एका माणसाला पाहताना बघितलं आहे. त्याला बिल्डरनं ताबा देताना 'जिना नंतर होईल' म्हणून सांगितलं होतं.

मामांचा पहिला समज असा की शोरूमवाल्यानं पोराला गंडवलं. ऑटोमॅटिक त्यांना माहीत होती. त्यातही आत गिअर असतात, फक्त टाकणारा हात दुसऱ्याचा, इतपत ते मान्य करत. पण गिअरच नाहीत? मग ते अभ्यासाला बसले. मामीच्या स्वयंपाकघरातली दोन नरसाळी आणि शेजारून मागून आणलेली दोन, अशी चार नरसाळी तोंडाला तोंड लावून त्यांनी दोन जोड्या केल्या, त्यांवरून परकराची नाडी घातली आणि मला रविवारी सकाळी बोलावून घेतलं. सीव्हीटीचं तत्त्व त्यांना पाच मिनिटांत कळलं होतं. दोन पुल्या. प्रत्येक पुली दोन शंकूंची. शंकू जवळ आले की पट्टा वर चढतो आणि त्याचा घेर वाढतो; लांब गेले की पट्टा आत बसतो आणि घेर कमी होतो. एक पुली मिटते तेव्हा दुसरी उघडते. पहिला, दुसरा, तिसरा असं काही उरतच नाही. दोन टोकांच्या मध्ये पाहिजे ते प्रमाण मिळतं, तेही कुठे न अडखळता. मामांनी नाडी ओढून हे मला दाखवलं आणि म्हणाले, "कळतं मला. पटत नाही."

पट्ट्यानं तर त्यांचा अंतच पाहिला. अशा गिअरबॉक्समध्ये बहुधा पोलादाच्या शेकडो चपट्या चकत्या असतात, पातळ पोलादी कड्यांवर ओवलेल्या. आणि हा पट्टा ओढत नाही, ढकलतो. चकतीला चकती रेटत जोर पुढे जातो. "पट्टा ढकलतो?" मामा उठून उभे राहिले. "कासऱ्यानं कधी बैल ढकलला होता का कुणी?" ही करामत हॉलंडमधल्या व्हान डोर्न यांच्या कंपनीची. त्याच हुब व्हान डोर्न यांनी त्याआधी, १९५८ मध्ये, डाफ कंपनीच्या छोट्या मोटारीत रबरी पट्ट्यांवर हीच कल्पना चालवून दाखवली होती. ती गाडी जितक्या वेगानं पुढे जाई तितक्याच वेगानं मागेही जाऊ शके, आणि तिकडे पुढे डाफ गाड्यांच्या उलट्या शर्यती लावत. हे वाचल्यापासून मामा बेसमेंटमध्ये आर टाकताना आधी खाली उतरून मागे कोण आहे ते बघून येतात. आमच्या गाडीत तसं काही नाही, हे त्यांना तीन जणांनी सांगितलं आहे.

चिरंजीवांनी शेवटचं हत्यार काढलं. "बाबा, १९९३ साली विल्यम्सनं फॉर्म्युला वनच्या गाडीत सीव्हीटी बसवून चाचणी घेतली होती. डेव्हिड कूल्टहार्डनं चालवली होती. पुढच्याच वर्षापासून नियमानं बंदी आली, म्हणजे बघा काय असेल!"

"बंदी आली ना?" मामा म्हणाले. "झालं तर मग."

प्रत्यक्ष चालवण्याचा भाग मी थोडक्यात उरकतो, कारण त्यात मीही मागच्या सीटवर होतो. मामांचा डावा पाय क्लच शोधत गेला, त्याला ऐसपैस ब्रेक सापडला, आणि त्यानं तो सवयीनं तळापर्यंत दाबला. डबा, मामी, मी आणि पूजेचा नारळ पुढे आलो. हे सांगवीच्या पुलापर्यंत चार वेळा झालं. शेवटी मामीनं त्यांना डाव्या पायाची मांडी घालून बसायला लावलं. जेवायला बसल्यासारखे बसून मामा पुण्याबाहेर पडले.

खरी परीक्षा होती खंबाटकीत. मामांचं गाव वाईच्या बाजूला, आणि पुण्याहून जाताना हा घाट चढावाच लागायचा. बोगदा होता तो येतानाच्या वाटेला. आजवर मामांनी तो घाट चढला तो एखाद्या गवयानं राग मांडावा तसा. इथे तिसरा, ह्या वळणाला दुसरा, ट्रकच्या मागे पडलो तर हाफ क्लच नाही, सरळ पहिला. या गाडीत त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला तशी इंजिनानं एक पट्टी पकडली आणि ती सोडलीच नाही. सीव्हीटीचा हा स्वभावच आहे. जोर लागला की ती इंजिनाला ताकदीच्या आकड्यावर नेऊन तिथेच धरून ठेवते आणि वेग पुल्यांकडून वाढवून घेते. आवाज आधी पोहोचतो, गाडी मागून येते. रबरबँड म्हणून लोक नावं ठेवतात ते यालाच. पाय जरा सैल सोडला तर आवाज बसतो आणि वेग फारसा कमीही होत नाही, पण पाय सैल सोडणं ही मामांची वृत्ती नव्हे.

"मागतेय ती," मामा कासावीस होऊन म्हणाले. "तिसरा मागतेय. अहो, कुणीतरी द्या तिला तिसरा!"

गाडी मात्र काहीच मागत नव्हती. ती एका सुरात ट्रक ओलांडत चढत होती. एवढ्या चढावर मामांचा हात कुणालाच नको होता, आणि तो लिव्हरवर रिकामाच लोंबत होता. माथ्यावर मामांनी गाडी बाजूला घेतली, उतरले आणि बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. मामी तोवर ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली होती.

मामीला मोटारीचं लायसन्स होतं, पण मामांच्या मॅन्युअल गाडीला तिनं सहसा हात लावला नाही. लावला की शेजारून समालोचन सुरू व्हायचं. तिनं डी टाकला आणि खाली उतरायला लागली. उतार वाढला तसा एल टाकला. इंजिनानं गाडी धरली, ब्रेकवरचं ओझं कमी झालं. वेळे आलं, सुरूर फाटा आला. मामा अवाक.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"कुणी कशाला शिकवायला हवं? आपली ॲक्टिव्हाच आहे ही. फक्त एसी आहे."

मागच्या सीटवर मी श्वास रोखला, कारण मामी बरोबर बोलत होती. ॲक्टिव्हा असो नाहीतर तिच्याआधीची मामीची कायनेटिक होंडा, सगळ्यांच्या पोटात हेच: दोन पुल्या आणि एक पट्टा. तिथे पट्टा रबरी, आणि पुली मिटवायचं काम फिरण्याच्या जोरानं बाहेर फेकले जाणारे रोलर करतात. इथे पट्टा पोलादी आणि काम तेलाच्या दाबावर. कायनेटिक होंडा १९८४ मध्ये आली तेव्हापासून महाराष्ट्रातल्या कितीतरी बायका सीव्हीटीवर ऑफिसला गेल्या, पोरांना शाळेत सोडून आल्या, मागे गॅसचा सिलिंडर बांधून आल्या. चार नरसाळी त्यांनी कधी मागितली नाहीत. मजा अशी की त्या स्कूटरचा पट्टा आणि रोलर मामांनी स्वतःच्या हातानं बदलले होते. पण ती 'बायकांची गाडी' असल्यामुळे आत काय चाललंय ते डोक्यापर्यंत पोहोचलं नव्हतं. मामांच्या जातीच्या माणसांचा हा एक जुनाच अवगुण.

परतीला सगळे गप्प होते. मग चिरंजीवांनी फोनवरून आणखी एक गोष्ट सांगितली, जी त्यांनी आधीच सांगायला हवी होती: स्टिअरिंगच्या मागे दोन पाती आहेत. ती ओढली की गाडी सात ठरावीक पायऱ्यांनी चालते. पुल्या ठरलेल्या जागी थांबतात, आवाज चढतो, पडतो, पुन्हा चढतो. या पायऱ्यांना दात एकही नाही. गिअरशिवाय करमत नाही अशा गिऱ्हाइकांसाठी सॉफ्टवेअरनं केलेली ही सोय.

"म्हणजे खोटे गिअर," मामी म्हणाली.

"असू देत," मामा म्हणाले, आणि मांडी सोडून बसले.

तेव्हापासून घरात शांतता आहे. मामी डीमध्ये चालवते, मामा पात्यांवर चालवतात, आणि गाडी दोघांचंही ऐकते. फक्त मामा वहीत नोंदी ठेवायला लागले: कुठल्या पायरीला किती वेगाला काट्यावर किती फेरे. त्यावरून सातही पायऱ्यांची प्रमाणं त्यांनी काढली, आणि पहिल्या सर्व्हिसिंगला वही घेऊन स्वतः गेले. सर्व्हिस ॲडव्हायझर चटपटीत मुलगा होता. तक्रार काय, त्यानं विचारलं.

"चौथा जरा लांब कापलाय. तिसऱ्यावरून जाताना खड्डा पडतो."

मुलानं जॉबकार्डवर निम्मं लिहिलं आणि तो थांबला. "काका, या गाडीला चौथा गिअर असा नसतोच. ते सॉफ्टवेअर आहे."

"ते मला माहीत आहे," मामा म्हणाले. "मी कुठे बदलून द्या म्हणतोय? ज्यानं कापलाय त्याचा नंबर द्या. मला त्याच्याशी बोलायचंय."