फुल लोड

अण्णा, म्हणजे माझे सासरे, बँकेतून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी घरातल्या धुण्याचा चार्ज घेतला. कुणी दिला नव्हता. पण वॉशिंग मशीनसमोर स्टूल टाकून, चष्मा कपाळावर चढवून ते माहितीपुस्तिका वाचायला बसले, तेव्हाच सासूबाई मला म्हणाल्या, "आता आपलं काही खरं नाही."

अण्णांचं दैवत म्हणजे करसनभाई पटेल. १९६९ साली अहमदाबादेत सरकारी नोकरी सांभाळून त्यांनी घराच्या अंगणात निरमा पावडर बनवली आणि सायकलवरून दारोदार विकली. तीन-साडेतीन रुपये किलो. सर्फ तेव्हा त्याच्या कितीतरी पट महाग. "निरमा नसती, तर तुझ्या नवऱ्याचं इंजिनिअरिंग झालं नसतं," असं अण्णा मला अधूनमधून ऐकवतात. नवरा यावर काही बोलत नाही. फी त्यांनीच भरली होती.

पावडरीच्या डब्यातलं माप त्यांनी पहिल्याच दिवशी बाद केलं. "जो पावडर विकतो, तोच माप देणार. मग ते लहान कशाला देईल?" आता तिथे च्यवनप्राशचा चमचा असतो. चमचा भरायचा, सुरीच्या पाठीने सपाट करायचा, वर आलेली पावडर परत डब्यात. पंचाईत अशी की त्यांचं म्हणणं खरं निघतं. फार फेस झाला की तो काढायलाच पाणी जास्त लागतं, आणि पावडर पुरती निघाली नाही तर टॉवेल पापडासारखे कडक होतात. गरम पाण्याचंही तेच. मशीनचा हीटर दोन हजार वॉटचा, अर्धा तास चालला की एक युनिट गेलं. नुसता ड्रम फिरवायला त्यामानाने काहीच लागत नाही. त्यामुळे आमच्याकडे सगळं गार पाण्यात. अपवाद फक्त आजारी माणसाच्या चादरीचा. तिथेही अण्णा आधी विचारतात, "ताप होता किती?"

पावसाळ्यात हॉलमध्ये दोऱ्या बांधल्या जातात. कपडे वाळवायला पंखा लावायचा नाही, असा दंडक आहे. पंखा माणसांसाठी. खाली माणूस बसलं असताना वर कपडे वाळले, तर त्याला इलाज नाही. म्हणून जुलैत आमच्याकडे कुणी आलं की अण्णांना मनापासून आनंद होतो. ओलसर परकर आणि बनियनच्या झालरीखाली पाहुण्याला बसवून ते पंखा पाचवर करतात आणि तो उठायला लागला की म्हणतात, "बसा हो, काय घाई आहे? चहा टाकतोय." एकदा तर जीनची पँट हाताने चाचपून मगच त्यांनी एका मावसभावाला निरोप दिला.

इस्त्रीचं खातं सासूबाईंकडे. ते गादीखाली चालतं.

पण अण्णांचा खरा कायदा म्हणजे फुल लोड. ड्रम भरल्याशिवाय मशीन लावायचं नाही. कपडे कमी असोत की जास्त, एका खेपेची वीज जवळपास तेवढीच, हा हिशोब त्यांनी कॅलेंडरच्या मागे मांडून ठेवलाय. परवा तीन-चार कपड्यांसाठी खेप अडली होती. अण्णा घरभर फिरून दाराचे पडदे बघत होते. माझ्या अंगावरच्या गाऊनकडेही त्यांची नजर जरा जास्तच रेंगाळल्यावर मी स्वयंपाकघरात सटकले. इकडे नवऱ्याचे ऑफिसचे सगळे शर्ट मळक्या कपड्यांच्या टोपलीत खोळंबलेले. शेवटी वैतागून तो गेला आणि दोन नवे शर्ट घेऊन आला. दोन्ही गडद निळे.

विजेच्या पंचवीस बिलांत वाचवलेल्या पैशांचा चुराडा बघूनही अण्णा शांत होते. त्यांनी चष्मा खाली घेतला, शर्टाच्या आतली चिठ्ठी उलगडून वाचली आणि त्यांचा चेहरा पडला.

"अरे, हे रंग सोडणार. पहिल्यांदा वेगळे धुवा म्हणतात."

"मग?"

अण्णांनी ड्रममध्ये डोकावून पाहिलं. मनात काहीतरी मोजलं.

"मग असं कर, असलेच आणखी दहा-बारा घेऊन ये."