बेरीचे तीन वाटे

लोणी कढवायला ठेवलं की सात वर्षांचा थोरला आणि चार वर्षांची धाकटी घरात कुठेही असोत, वास काढत ओट्याशी येतात. तूप गाळून झालं की बुडाशी उरलेल्या बेरीत साखर घालायची आणि तिचे बरोब्बर दोन वाटे करायचे, हा आमच्याकडचा सगळ्यात अवघड न्यायनिवाडा.

गेल्या जूनमध्ये चौदा वर्षांची ताई आली. बाल कल्याण समितीच्या आदेशाने. त्याआधी एक सामाजिक कार्यकर्त्या घर बघून गेल्या, मुलगी झोपणार कुठे ते पाहिलं, सगळ्यांशी बोलल्या. "ताई आलेली चालेल ना तुला?" असं त्यांनी थोरल्याला विचारलं. तो म्हणाला, "तिला कॅरम येतो का?" अहवालात हे लिहिलं की नाही, देव जाणे.

शेजारच्या काकूंनी पहिल्याच आठवड्यात गाठलं. "दत्तक घेतलीस का गं?" मी 2015 चा बाल न्याय कायदा उलगडून बसले. दत्तक नव्हे, फॉस्टर केअर. आडनाव तिचं तिलाच, आजी तिला भेटू शकते, समितीचं लक्ष असतं, 18 पूर्ण होईपर्यंत ती आमच्याकडे राहू शकते. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे राहायला आलीय." इतकी सुटसुटीत व्याख्या कायद्यालाही जमलेली नाही. (तिची आधीची गोष्ट तिची आहे. ती मी इथे सांगणार नाही. काकूंनाही सांगितलेली नाही.)

वयात आलेली मुलं दारं आपटतात, उलटून बोलतात, असं ऐकून मी कंबर कसून तयार होते. ही तर "काकू, पाणी घेऊ?" असं विचारून पाणी प्यायची. आंघोळ झाली की न्हाणीघर पुसून कोरडं. थोरला वैतागला. "ती इतकी चांगली का वागते? मला ओरडा बसतो!" धाकटीने तिच्या भूगोलाच्या वहीतल्या महाराष्ट्राला स्केचपेनने मिशा काढल्या, तर ही म्हणाली, "असू दे." त्या 'असू दे'ची मला धास्तीच वाटायला लागली.

माझे आजोबा पुण्यात वार लावून जेवत शिकले. सात वारांची सात घरं. अजून भात हवा का, असं कुणी विचारलं की पोटात खड्डा असला तरी ताटावर हात आडवा. पुढे स्वतःच्या घरात, स्वतःच्या पैशाचं जेवतानाही त्यांचा तो हात आडवा यायचा. ताईला बेरी वाढायला गेले तेव्हा वाटीवर अगदी तोच हात. "मला नाही आवडत, काकू."

दिवाळीच्या आधी भरपूर लोणी साठलं होतं. तूप गाळलं, तेवढ्यात फोन आला म्हणून बाहेर गेले. परत येते तो स्वयंपाकघरात कल्लोळ.

"तू मोठा चमचा घेतलास! मागच्या वेळीपण कडेची सगळी तूच खरवडलीस, मी बघत होते!"

हा आवाज ताईचा होता. थोरला रडकुंडीला येऊन म्हणत होता, "पण तुला आवडत नाही ना?"

"आवडते!"

दोघं भांडत असताना धाकटीचा हात कोपरापर्यंत पातेल्यात होता. मी तिघांना एका दमात, एकाच पट्टीत झापलं. ताई तरातरा आत गेली आणि दार असं आपटलं की भिंतीवरचं कॅलेंडर खाली आलं. नवरा नुकताच कामावरून आला होता. "कोण गं?" त्याने विचारलं. म्हटलं, "ताई."

"अरे वा!" असं म्हणून तो खिळा शोधायला गेला.

तेव्हापासून बेरीचे वाटे तीन होतात. लोणी मात्र पूर्वीइतकंच निघतं आणि ते पातेलं घासायचं कुणी, याबद्दल समितीचा आदेश अजून आलेला नाही.