कागदावरच्या लग्नाचा वाढदिवस

॥ श्री ॥

एडिसन, न्यू जर्सी
कोजागिरीनंतरचा शनिवार

ती. सौ. आई आणि ती. बाबा यांस,
सा. न. वि. वि.

हातानं लिहिलेलं पत्र बघून दचकू नका, इथं सगळे मजेत आहेत. तुम्ही फोनवर "कसं झालं गं सगळं?" असं विचारलंत तेव्हा मिलिंद शेजारीच बसून कांदा चिरत होता. आणि घरच्या ग्रुपवर लिहावं तर वन्संपासून पुण्याच्या मावशींपर्यंत सगळे वाचणार, वर अंगठे दाखवणार. शेजारच्या काकू दिवाळीला मिरजेला निघाल्यात, त्यांच्या हाती हे देते. पाकिटात फराळाची यादी आहे असं मिलिंदला सांगितलंय. यादीही आहेच, मागच्या पानावर.

पहिली गोष्ट. तुम्हाला सगळं आधीपासून ठाऊक होतं, हे मला ठाऊक होतं. आई, सप्टेंबर संपता संपता तुम्ही मला एकाएकी विचारलंत, "तुझ्याकडे लोकरीचे मोजे आहेत ना गं?" वीस वर्षांत माझ्या मोज्यांची चौकशी सांगलीहून कधी झाली नव्हती. दुसऱ्याच दिवशी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना काकू म्हणाल्या, "ओमला रात्री झोपताना दिवा लागतो का?" आणि जीभ चावून आत पळाल्या. राहिलेलं काम ओमनं केलं. हॉटेलचं पत्र आलं ते नेमकं त्याच्या टॅबवर, आणि तो मोठ्यांदा वाचत स्वयंपाकघरात आला.

मिलिंद मात्र शेवटपर्यंत गंभीर. "शनिवारी ऑफिसातल्या एकाकडे जायचंय. गरम कपडे घे. दोन-तीन दिवसांचे." ऑफिसातल्या माणसाकडे जायला दोन-तीन दिवसांचे कपडे कशाला, यावर मी चकार शब्द काढला नाही. मी गुपचूप मुलांसाठी भाज्या करून डबे भरले, ईराच्या व्हायोलिनच्या बाईंना कळवलं, वाटेसाठी दशम्या आणि लसणाची चटणी घेतली, भडंगाची शेवटची पिशवी घेतली. आणि कोजागिरी आहे हे कुणालाच आठवलं नव्हतं म्हणून दुधाच्या मसाल्याची पुडीही घेतली. आई, माझं स्पष्ट मत आहे की सरप्राइझ ही पुरुषांची करमणूक आहे. बाईला अचानक घराबाहेर काढायचं असेल तर तिला आठवडाभर आधी कळावं लागतं.

बाबा, तुम्ही विचाराल की लग्नाचा वाढदिवस डिसेंबरात, मग हा ऑक्टोबरातला कुठला? आईंना विचारा. माझ्या व्हिसाला दाखला हवा म्हणून आम्ही आधी कचेरीत जाऊन सह्या केल्या होत्या, आठवतंय? बाहेर आल्यावर आईंनी सगळ्यांना पेढे दिले आणि मला रिक्षात घालून माहेरी परत पाठवलं. "हे कागदावरचं. तुळशीचं लग्न लागल्याशिवाय आमच्याकडे सून येत नाही." पुढे डिसेंबरापर्यंत माझा कायदेशीर नवरा 'पुस्तक परत करायला' म्हणून आमच्याकडे यायचा आणि बाहेरच्या खोलीत माझ्या आजीपुढे बसून पोहे खायचा. आजी हलायची नाही. यंदा पासपोर्टाचे कागद शोधताना तो दाखला सापडला आणि याला साक्षात्कार झाला, की सरकारच्या लेखी आपल्याला वीस वर्षं पुरी होतात ती ऑक्टोबरात, ऐन पानगळीच्या सुट्टीत.

तर शनिवारी पहाटे निघालो. कनेक्टिकट आणि मॅसॅच्युसेट्स ओलांडून व्हरमाँट. कोलंबस डेची जोडून सुट्टी, त्यामुळे अर्धी ईशान्य अमेरिका झाडं बघायला रस्त्यावर. व्हरमाँटची हद्द लागली आणि डोळ्यांना काहीतरी बरं वाटलं, पण काय ते कळेना. मिलिंदनं सांगितलं, या राज्यात 1968 पासून रस्त्याकडेच्या जाहिरातींच्या पाट्यांना बंदी आहे. वकिलांचे, गाद्यांचे, दातांच्या डॉक्टरांचे हसरे चेहरे एकदम नाहीसे. नुसते डोंगर.

आणि डोंगर म्हणजे काय सांगू! एकाच मेपलचं एक अंग हिरवं आणि दुसरं शेंदरी. मिलिंदच्या फोनवर कुठल्या भागात किती टक्के रंग चढलाय याचा नकाशा होता. खिडकीबाहेर झाड पेटलेलं, आणि हा म्हणतोय, "हा पट्टा अजून पूर्ण नाही चढलेला." वर मला शास्त्र. हिरवा रंग ओसरला की पिवळा दिसतो, तो पानात आधीपासून असतोच, फक्त झाकलेला. तांबडा मात्र बरीचशी झाडं शेवटच्या दिवसांत नव्यानं तयार करतात. त्यासाठी दिवसा लख्ख ऊन हवं आणि रात्री गारठा, पण गोठेल इतका नको. हे मला आवडलं. गळून पडायला आठवडा उरलाय आणि हौस बघा झाडांची!

ब्रॅटलबोरो गावाच्या पुढे एका कच्च्या रस्त्यावर गाडी थांबवून मिलिंदनं मला डोळे मिटायला लावले. मग "आता उघड." समोर जुनं पांढरं लाकडी घर, व्हरांड्यात भोपळे. मी "अय्या!" म्हटलं. तो "अय्या" मी न्यू जर्सीपासून तयार ठेवला होता. पण खरं सांगू का आई, त्याचा चेहरा इतका फुलला की माझा अर्धा "अय्या" तरी खरा निघाला.

खोली झकास. फक्त पलंग इतका उंच की चढायला शेजारी लाकडी पायरी ठेवलेली. तुमच्या लेकाचा उजवा गुडघा तुम्हाला माहीतच आहे. रात्री तो पाणी प्यायला उतरला आणि वर येताना पायरी सापडेना. मग अंधारात बरीच चढाई. पलंगावर उशा इतक्या, की त्या ठेवायला आणखी एक पलंग हवा. कपाटावर चिनी मातीच्या बाहुल्यांची रांग होती. त्यांची तोंडं मी भिंतीकडे केली. सकाळी खोली आवरणाऱ्या बाईंनी परत आमच्याकडे वळवली. जाईपर्यंत आमचं हे चाललं होतं.

आता रविवार सकाळ. यासाठीच खरं हे पत्र, कारण तुम्ही पडद्याच्या त्या बाजूला होतात, तुम्हाला इकडचं काहीच दिसलं नाही. तुमच्याकडे साडेसहा, चंद्र उगवायची वेळ. आमच्याकडे सकाळचे नऊ. न्याहारीला सगळे पाहुणे एकाच लांब टेबलाशी. आमच्यासमोर ओहायोचं एक वयस्कर जोडपं, मालकीणबाई पॅनकेक वाढताहेत, आणि तुमचा व्हिडिओ कॉल. मिलिंदनं फोन मेपलच्या काकवीच्या बाटलीला टेकवून ठेवला. तुम्ही नऊवारीत, हातात तबक. "थोरला ना तू? आश्विनी आहे आज. टोपी घाल." टोपी नव्हती. मी चटकन टेबलावरचा नॅपकीन त्याच्या डोक्यावर ठेवला. तो वेडावाकडा का दिसतोय असं तुम्ही विचारत होतात, तो नॅपकीन होता.

मग तुम्ही त्याला कुंकू लावलंत, म्हणजे फोनला लावलंत. बोट कपाळाऐवजी कॅमेऱ्यावर पडलं आणि आमच्याकडे सगळा पडदा लालभडक. ओहायोच्या बाई किंचाळल्याच! त्यांना वाटलं काही अपघात झाला. बाबांनी पुसलं तेव्हा निरांजन दिसलं, काचेवर पडणाऱ्या अक्षतांचा टपटप आवाज आला, आणि मागून बाबांचा, "लवकर ओवाळ, चार्जिंग संपतंय." अख्खं टेबल गप्प. मालकीणबाई पॅनकेकचं उलथनं हातात धरून उभ्या. त्यांच्या घरात मेणबत्तीला बंदी आहे, तशी पाटी आहे जिन्यावर. पण सांगलीतल्या ज्योतीला कोण अडवणार?

ओहायोच्या आजोबांनी विचारलं, वाढदिवस आहे का? मी सांगितलं, नाही, हा फक्त थोरला आहे म्हणून. ते म्हणाले, मीही थोरलाच. शेतकऱ्याचा मुलगा, पाठची भावंडं त्यांनीच सांभाळली, पण त्याबद्दल कधी कुणी काही केलेलं आठवत नाही. हे मी मराठीत सांगायचा अवकाश, तुम्ही म्हणालात, "मग बसव त्याला समोर, वात अजून आहे." आई, तुम्हाला फक्त त्यांचं कपाळ दिसलं असेल. ते खुर्चीत ताठ बसले होते, हात मांडीवर, डोळे गच्च मिटून. त्यांच्या बाई फोनवर चित्रण करत होत्या आणि मधेच त्यांना नाक पुसावं लागलं. तुमचा फोन बंद पडल्यावर कुणी काही बोलेना. शेवटी मालकीणबाईंनी त्या दोन्ही थोरल्यांना एकेक जास्तीचा पॅनकेक वाढला.

त्या काकवीबद्दल बाबांना सांगायचंय. मी काकवी म्हणते कारण इथलं शुगरहाउस म्हणजे आपलं गुऱ्हाळच. मेपलच्या खोडाला भोक पाडून पाणचट रस काढायचा आणि मोठ्या पसरट कढईत आटवायचा. चाळीस गॅलन रस आटला की एक गॅलन काकवी! हंगाम मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये, रात्री गोठतं आणि दिवसा वितळतं तेव्हा. आम्ही गेलो तेव्हा भट्टी थंड होती आणि दुकान तेवढं गरम. छोटी बाटली घेतली, काकूंबरोबर धाडतेय.

दुपारी वेस्ट डमर्स्टनचा छपराचा पूल. 1872 चा, पूर्ण लाकडी, आतून दोन्ही बाजूंना फळ्यांची तिरकी जाळी. मला वाटलं होतं, छप्पर माणसं भिजू नयेत म्हणून. छे, पूल भिजू नये म्हणून. ऊन-पावसात लाकडाच्या सांध्यांची वाट लागते, झाकलं की शंभर वर्षं काळजी नाही. वालचंदचा सिव्हिल इंजिनिअर लग्नाच्या वाढदिवसाला तासभर त्या जाळीला हात लावून उभा होता. मी नदीकाठी भडंग खात बसले. लहानपणी बाबांनी आयर्विन पुलावर नेऊन कमानी मोजायला लावल्याचं फळ आहे हे, तेव्हा तक्रार तुमच्याकडेच करते.

मग खरा बेत कळला. जवळच डमर्स्टनला किपलिंगचं घर आहे, त्याचं नाव 'नौलखा'. हो, तोच किपलिंग, 1865 साली मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात जन्मलेला. बायको इथली, म्हणून 1892 मध्ये इथं येऊन राहिला, आणि मोगली, बगीरा, शेरखान सगळे या थंडीत बसून लिहिले. ते घर भाड्यानं राहायला मिळतं. मिलिंदला तेच हवं होतं, पण या दिवसांत मिळणं कठीण, आणि दोघांना ते फार मोठं. मग रस्त्यावरूनच बघितलं. डोंगरउतारावर लांबलचक, जहाजासारखं. आई, 1993 साली दूरदर्शनवर दर रविवारी जंगल बुक लागायचं आणि हा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी "धाकट्याला सोबत" म्हणून बघत बसायचा ना? त्यानं रस्त्याच्या कडेला उभं राहून गुलजारांचं ते गाणं म्हटलं. सगळं. कुत्रा फिरवायला आलेले एक गृहस्थ आदरानं थांबले, त्यांना वाटलं ही प्रार्थना.

किपलिंगचं इथलं बिऱ्हाड का मोडलं ठाऊक आहे? मेहुण्याशी भांडण. बायकोच्या भावानं भर रस्त्यात धमकी दिली, यानं त्याला अटक करवली. खटला उभा राहिला तसे वर्तमानपत्रवाले जमले, घरची भांडणं छापून आली, आणि 1896 मध्ये हा इतकं हौसेचं घर सोडून गेला. मिलिंद म्हणाला, "ऐकलंस? तुझ्या भावाला सांग." गाडीत बसल्यावर मी माझ्या भावाला फोन लावून सांगितलं. तो म्हणाला, "आधी त्या घराची किंमत विचार."

येताना शेताच्या कडेला एक टेबल, वर भोपळे, शेजारी पैशाची पेटी, आणि माणूस कुणीच नाही. भोपळा उचलायचा, पैसे टाकायचे. मिलिंदनं सुटे नाहीत म्हणून जास्तीची नोट टाकली आणि मग हिशेब जुळावा म्हणून आणखी एक भोपळा घेतला. त्याचे घारगे झाले, मुलांनी संपवलेही.

रात्री मसाला दूध मी मालकीणबाईंच्या स्वयंपाकघरातच आटवलं. व्हरांड्यात सगळ्यांनी कुडकुडत प्यायलं, जायफळानं काम केलं आणि दहाच्या आत सगळे घोरत होते. जागरणाचं पुण्य कुणालाच नाही.

आता कामाचं. डिसेंबरातल्या खऱ्या वाढदिवसासाठी मिलिंद पुन्हा काहीतरी ठरवतोय, दार लावून फोन चाललेत. तुम्हाला सांगेल तेव्हा लगेच मोजे विचारा, म्हणजे मी समजेन.

तब्येतीला जपा. मुलांचा शि. सा. न.

तुमची,
अनघा

ता. क. बाबा, बाटली उघडल्यावर फ्रिजमध्येच ठेवायची, आणि तुमच्या चहात घालायची नाही. डॉक्टरांना विचारलं तरी नाही. आणि आई, आश्विनीला थोरल्याला नवे कपडे मिळतात, असं मी ओहायोच्या आजोबांना बोलून बसलेय. त्यांचा पत्ता घेतलाय. काकूंबरोबर खादीचा एक सदरा पाठवा, माप एक्स्ट्रा लार्ज, बाह्या लांब. पांढरा नको, त्यांच्याकडे गाई आहेत.