एका विमानाला एकच थाप

जिमी कार्टर यांच्यावर अजूनही डूख धरून असलेला एक गृहस्थ कोथरूडच्या एका सोसायटीत राहतो. दुसरा मजला, मागची बाल्कनी, नाकावर रुमाल, हातात झिरो पेपर. समोर वर्तमानपत्रावर वीतभर लांबीचं एक लढाऊ विमान पालथं पडलेलं. विमान स्वीडनच्या साब कंपनीचं व्हिगन, प्रमाण एकास बहात्तर. पंखांवर भारतीय हवाई दलाचं तिरंगी चक्र बसायचं आहे. आणि व्हिगन भारतीय हवाई दलात एक दिवसही नव्हतं.

प्लास्टिकची विमानं जोडणारे बहुतेक लोक झालेल्या गोष्टींच्या मागे असतात. अमुक तारखेला तमुक तळावरून उडालेलं विमान त्यांना खिळ्यानिशी हवं असतं. आपला गृहस्थ मात्र जरतरवाला, म्हणजे 'असं झालं असतं तर' या जातीचा; त्याला ओढ मोडलेल्या सोयरिकींची. पत्रिका जुळली, बैठक झाली आणि कुणाच्या तरी मामाने खोडा घातला, अशी विमानं तो शोधून काढतो. ब्रिटनच्या टीएसआर-२ चं एकच विमान प्रत्यक्ष उडालं आणि १९६५ च्या एप्रिलमध्ये सरकारने प्रकल्पच गुंडाळला, हे सांगताना त्याचा आवाज जड होतो. नॉर्थ्रॉपच्या एफ-२० चं तर विचारूच नका. १९८२ साली उडालं, रूपाने चांगलं, वेगाला चांगलं, आणि गिऱ्हाईक एक नाही.

व्हिगनची सोयरीक मोडणारा मामा म्हणजे तेव्हाचे अमेरिकी अध्यक्ष कार्टर. हवाई दलाला तेव्हा जुन्या कॅनबेरा आणि हंटरच्या जागी खोलवर मारा करणारं विमान हवं होतं. जग्वार, मिराज एफ-१ आणि व्हिगन असे तीन उमेदवार होते. व्हिगनचं इंजिन स्वीडनच्या व्होल्वोने बांधलेलं, पण प्रॅट अँड व्हिटनीच्या अमेरिकी इंजिनावरून बेतलेलं, त्यामुळे निर्यातीला वॉशिंग्टनची परवानगी लागे. १९७८ साली ती नाकारली गेली, आणि ऑक्टोबरात जग्वारचं नाव नक्की झालं. जरतरवाला इथे टेबलावर मूठ आपटतो. कारण ते मूळ अमेरिकी इंजिन, जेटी८डी, त्याच काळात इंडियन एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ ला लावलेलं होतं. "म्हणजे मुंबई-दिल्ली प्रवासी न्यायला चालतं!" असं तो ओरडतो, तेव्हा शेजारचे खिडकी लावून घेतात.

आता कुणी म्हणेल, विमान काल्पनिकच आहे तर मग काय, हवं ते करा. हे वाक्य त्याच्यासमोर बोलू नये. मागे एका उत्साही मुलाने एफ-२२ वर तिरंगी चक्रं चिकटवून आणली होती. अमेरिकेने स्वतःच्या कायद्याने ज्या विमानाची निर्यात बंद ठेवली, ते आपल्याकडे आलं कसं, हा प्रश्न त्या मुलाला पडलाच नव्हता. जरतरवाल्याने ते मॉडेल दोन बोटांत धरून पाहिलं आणि परत दिलं. त्याच्या धर्मात एका विमानाला एकच थाप माफ असते. कार्टर हो म्हणाले, ही ती थाप. त्यानंतरचं सगळं खरं हवं.

आणि खरं असणं भयंकर महाग पडतं. पहिला प्रश्न क्षेपणास्त्रांचा. किटमध्ये साइडवाइंडर दिलेली, म्हणजे अमेरिकी. इंजिनाला परवानगी मिळाली हे कबूल, पण क्षेपणास्त्रही दिलं म्हणायचं तर दुसरी थाप झाली. मग आपल्या जग्वारवर फ्रान्सचं मॅजिक बसवलं होतं, तेच इथे बसेल, असा निवाडा झाला. ते मिराजच्या जुन्या किटमधून, सुट्या भागांच्या डब्यातून शोधावं लागलं. हा डबा एकेकाळी चकल्यांचा होता. दुसरा प्रश्न क्रमांकाचा. जग्वारच्या अंगावर जेएस अक्षरांचे क्रमांक, नंतर आलेल्या मिराज २००० वर केएफ. जग्वार आलंच नाही तर जे हे अक्षर मोकळं. म्हणजे व्हिगनला जे. इथवर ठीक. पण व्हिगन आल्यावर १९८५ मध्ये मिराज २००० घ्यायची गरज पडली असती का? नसती, तर पुढचा सगळा इतिहास कुठल्या विमानांनी घडवायचा? त्या रात्री तो पंखा बघत पडून होता. बायकोने विचारलं, "ऑफिसात काही झालं का?"

रंगाच्या बाबतीत मात्र त्याच्यावर संशय घ्यायला जागा आहे. स्वीडिश व्हिगनचा मूळ पेहराव चार रंगांच्या धारदार तुकड्यांचा असतो. तो मास्किंग टेप लावून रंगवताना भलेभले छंद सोडून गेले आहेत. आपल्या जग्वारसारखा वेष द्यायचा तर काम कितीतरी हलकं. म्हणूनच याने व्हिगन भारतात आणलं, असं त्याचा एक मित्र म्हणतो. हल्ली ते बोलत नाहीत.

या जमातीचं कुलदैवत विचाराल तर टेस्टर्स कंपनीचं एफ-१९. रडारला चकवणारं गुप्त विमान अमेरिकेत आहे अशी कुजबुज होती, पण चित्र कुणी पाहिलेलं नव्हतं. १९८६ मध्ये टेस्टर्सच्या जॉन अँड्र्यूज यांनी अंदाजाने एक गोलसर, गुळगुळीत विमान रचून त्याचा किट बाजारात आणला. तो धडाधड खपला आणि गुप्ततेचा बोभाटा अमेरिकी संसदेपर्यंत गेला. १९८८ च्या नोव्हेंबरात खरं विमान जाहीर झालं. नाव निघालं एफ-११७, आणि अंगावर एक वळण नाही, नुसत्या सपाट पट्ट्या आणि कोपरे. गंमत म्हणजे याच कंपनीने पाठोपाठ काढलेलं मिग-३७ नावाचं पूर्ण बनावट सोव्हिएत विमान मात्र कोनाकोनांचं, खऱ्याच्या बरंच जवळ जाणारं होतं. ही कथा जरतरवाला सत्यनारायणाच्या पोथीसारखी सांगतो, प्रसादाचा चहा येईपर्यंत.

घरात या उद्योगाला विरोध नाही. पाहुणे काचेच्या कपाटापाशी थबकून "हे कोणतं विमान?" विचारतात. बायको शांतपणे सांगते, "ते नसलेलं." पलीकडचं? "तेही नसलेलं." बॉलपेनच्या रिफिली गायब होतात, थिनरचा वास भाजीला लागतो, एवढंच. कपाटात पुढची जागा एचएफ-२४ मारुतसाठी राखून ठेवली आहे. कुर्ट टँक यांनी बंगळुरात आखलेलं, १९६१ साली उडालेलं हे देशी विमान ध्वनीच्या दुप्पट वेगासाठी जन्मलं आणि त्या तोडीचं इंजिन त्याला जन्मभर मिळालं नाही. अशी १४७ विमानं बनली. त्यावर कोणती एक थाप मारावी याची टिपणं तीन वह्यांत आहेत. ब्रिटनचं जोरकस ऑर्फियस की इजिप्तचं इंजिन, हा वाद अजून मिटलेला नाही.

व्हिगन पूर्ण झालं तेव्हा लोहगावला राहणारे, हवाई दलातून निवृत्त झालेले एक काका ते बघायला आले. विमानांच्या देखभालीत आयुष्य गेलेलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, विमान डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाले, "हं. अंबाल्याला होतं हे आमच्याकडे."

जरतरवाला गडबडला. "काका, हे कधी आलंच नाही."

"आलं नाही कसं? पुढे हे छोटे पंख. चांगलं आठवतंय मला."

मग कागद निघाले. ७८ चा नकार निघाला, जग्वारचा करार निघाला, अंबाल्याच्या चौदाव्या स्क्वॉड्रनला जग्वारच मिळाली याचा दाखला निघाला. स्वतः चार महिने खपून बनवलेलं विमान अस्तित्वात नव्हतं, हे तो पोटतिडकीने तासभर सिद्ध करत राहिला. काका ढिम्म. "तुम्ही तेव्हा शाळेत असाल," एवढंच त्यांचं म्हणणं.

शेवटी जरतरवाल्याने कागद गोळा केले, दाराकडे एकदा पाहिलं आणि वही उघडली.

"बरं काका, नंबर काय होता त्याचा? सुरुवात जे नेच ना?"