आरओची मिजास

माझ्या स्वयंपाकघरातली सर्वांत प्रतिष्ठित वस्तू म्हणजे निळा दिवा मिरवणारं आरओ. पाहुण्याने विचारलं नसलं तरी ‘आरओचं आहे बरं’ म्हटल्याशिवाय मी पेला पुढे करत नाही. वास्तविक अकोल्याच्या नळाला महानच्या धरणातलं काटेपूर्णेचं पाणी येतं, अमरावतीच्या नळाला अप्पर वर्धेचं. दोन्हीकडचं पाणी गोडं. क्षार काढायचं यंत्र मी क्षार बेताचे असलेल्या पाण्यावर बसवलंय, आणि ते एक गुंड पाणी शुद्ध करताना दोन-तीन गुंड मोरीत सोडतं. तेही नळ कधी येणार याची दिवसचे दिवस वाट बघणाऱ्या गावात.

या मिजाशीचं मूळ विक्रेत्याच्या दोन सळयांत आहे. दोन पेल्यांत वीज सोडली की नळाचं पाणी तपकिरी गढूळ होतं, आरओचं नितळ राहतं आणि बघणारा चेकबुक शोधू लागतो. खरं तर तो गाळ लोखंडी सळईचा असतो. पाण्यात क्षार असले तर वीज वाहते, लोखंड विरघळतं. आरओच्या पाण्यात क्षार नावालाच, म्हणून वीजही नाही नि गाळही नाही. घाण सळईची, बदनामी काटेपूर्णेची! क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरचंही तेच. भारतीय मानकानुसार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार चांगले, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतात. पण आम्हाला आकडा पन्नासावर आला की पोरगं मेरिटमध्ये आल्यासारखं वाटतं. जंतू मात्र त्या मीटरच्या अभ्यासक्रमातच नाहीत.

कोणी म्हणेल, आरओ जंतूही अडवतं ना? अडवतं. पण पाणी खळखळून उकळलं तरी ते मरतात आणि मोरीत काही जात नाही. जंतू शिरतात ते पुरवठा बंद असताना रिकाम्या पाइपात, गळक्या सांध्यातून, नालीच्या पाण्याबरोबर. नळाला लावलेला टिल्लू पंप ते आणखी ओढून घेतो, आणि टिल्लू लावणारे आम्हीच. त्यासाठीच शेवटच्या नळापर्यंत लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरावं लागतं; त्याचा वास आला की नाक मुरडणारेही आम्हीच.

बोअरवाल्यांचा आक्षेप मात्र मान्य. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, दर्यापूर-अकोटकडे, जमिनीतलं पाणीच खारं. तिथे आरओ चैन नव्हे. आणि मेळघाटात? जुलै २०२२ मध्ये पाचडोंगरी-कोयलारीत विहिरीचं दूषित पाणी पिऊन माणसं दगावली. त्या विहिरीत माझा मीटर बुडवला असता तरी त्याला जंतू दिसले नसते. तिथे कामाची होती ब्लीचिंग पावडर, आणि ती वेळेवर टाकणारा माणूस. सळया घेऊन फिरणारे मात्र आमच्याच कॉलनीत येतात.